मोजदाद

एकतीस वर्षं त्रिचूरला गलाई केली.
तेजाबानं बोटांची टोकं पिवळी पडली,
ती अजून तशीच.

घरमालकीण एलियम्मा, भली बाई.
नाताळात आप्पम धाडायची,
पोराला ताप आला तर स्वतः रिक्षा थांबवायची,
आणि संध्याकाळी मी फाटकातून आत शिरलो की
परसात पडलेले नारळ मोजायची.
नुसते ओठ हलायचे.
तिचं तिलाही ठाऊक नसावं.

त्या गल्लीत मी 'हिंदीकारन'.
धड हिंदी येत नव्हती मला,
शिव्यासुद्धा मराठीतच सुचायच्या.
सांगायचो, सांगली जिल्हा, गाव विटा.
हो हो, म्हणायची. बॉम्बे.

आता विट्यात दोन मजले चढवलेत.
वरची खोली त्रिनाथ बेहेराला दिली,
गंजामचा, लूमवर रातपाळीला.
आमच्या आळीत तो 'भय्या'.
ओडिशा कुठं, यूपी कुठं,
पण नकाशा कोण उघडतो.

परवा मंडळाच्या बैठकीत कुणीसं म्हणालं,
बाहेरच्यांना खोल्या देऊ नका.
उठलोच मी.
म्हटलं, अर्ध्या तालुक्याची चूल
परमुलखातल्या भट्टीवर पेटली,
हे स्लॅब, हा देवळाचा कळस, कुठल्या गावचे पैसे?
गप झाले सगळे.
चहा त्या रात्री जरा जास्तच गोड लागला.

घरी आलो तर जिन्यात अंधार.
त्रिनाथ डबा घेऊन उतरत होता.
'काका' म्हणाला, भिंतीला लागून उभा राहिला.
मी हसलो. हसता हसताच
हात कोयंड्याकडे गेला,
कुलूप ओढून बघून आला,
मला न विचारता.

सवय, म्हटलं. सोन्यातला माणूस, कुलूप ओढणारच.
एवढी वर्षं सोनं गाळलं की
सबबीही शंभर नंबरी निघतात.

सकाळी गच्चीवर कपडे काढायला गेलो.
दोरी एकच, त्याची आणि आमची.
त्याच्या निळ्या शर्टाला कापसाची कुसं चिकटलेली.
मी आमचे काढत होतो, एकेक.
एवढ्यात वीज गेली,
आळीतले सगळे लूम एकदम थांबले,
आणि मला माझा आवाज ऐकू आला :
ओन्न, रंड, मून्न, नाल...

एलियम्माच्या भाषेत.

सगळे होते.
त्रिनाथ जिन्याच्या तोंडाशी उभा, डोळे तांबारलेले,
शर्ट घ्यायला आलेला.
काय मोजताय, असं काही त्यानं विचारलं नाही.
मीही तिला कधी विचारलं नव्हतं.