पाऊणकी

पहिले आठ दिवस मी नुसती केबल गुंडाळली.
कोपरावर नाही, हातातच, एक वळसा वरून, एक खालून,
नाहीतर तार पीळ धरते, शाल्मलीताई म्हणाली.

नवव्या दिवशी बुरोंडीला
धाकू पावशे होडीच्या फटीत कापूस ठासत बोलले.
तीन तास. मध्ये चहा, बॅटरी, एकदा बकरी.

रात्री एडिटला बसलो तर
वाक्याच्या सुरुवातीला पाणी नांगराला टेकलेलं,
शेवटाला पार खडकांपलीकडे.
कट मारला की समुद्र दचकून मागे सरायचा.
"जुळत नाही," सर म्हणाले.
"उद्या परत. पण पाणी इथवर कधी येईल?"

सगळ्यांनी फोन काढले. रेंज नव्हती.
मी केबलशी बोलल्यासारखं म्हटलं,
उद्या षष्ठी. तिथीची पाऊणपट.
साडेचारला भरती पूर्ण.
पाऊणकी मी शाळेत नाही शिकले,
बाबा जाळं झटकता झटकता म्हणून घ्यायचे.

कॉलशीटवर माझं अक्षर: भरती ४.३०.
पाणी आलं, सांगितल्यासारखं.
धाकूकाका मात्र कालचं वाक्य बोलेनात.
"काल झालं ना सांगून," म्हणाले,
आणि हात थांबवून
भावाचं बोलले, जो ह्याच होडीतून गेला होता.

मोठा कॅमेरा तेव्हा पाण्यावर.
छोटा माझ्या हातात, पहिल्यांदाच.
चेहरा धूसर आला, मागची डोलकाठी स्वच्छ.

क्लिपच्या यादीत मी लिहिलं: फोकस गेला.
मग खोडलं.
लिहिलं: पाणी जुळतं.