अंगठा

कीघलीच्या उतारावर, बंद पडलेल्या लोकरगिरणीला पाठ लावून
बॅरक्लफ यांचं दुकान : वजनकाटे दुरुस्त करून मिळतील.
खाटकांचे, सोनारांचे, पोस्टातले,
एक बाळांचा, कुठल्याशा दवाखान्यातून निवृत्त झालेला.

मागच्या खोलीत, फाइलींच्या कपाटाशेजारी
त्यांचा मेल सर्व्हर. मीच बसवलेला,
बारा वर्षांपूर्वी, उमेदीत,
तेव्हा मला वाटायचं, माणसाची स्वतःची विहीर असावी,
पालिकेच्या नळाची वाट बघत बसू नये.
सात पत्ते, एक डिस्क, दुसरी डिस्क तिची सावली.
थंडी सरत आली की क्लिफर्ड त्याच्यावर
टोमॅटोच्या बियांचे ट्रे ठेवतात.
ऊब फुकट जाऊ नये म्हणून.

आज मी कागद घेऊन गेले होते.
एका बाजूला भाड्याची पेटी,
ती डब्लिनला की ॲमस्टरडॅमला, मलाही धड सांगता येत नाही,
माणशी पाच पौंड, दर महिना,
आणि भाडं कधी वाढवायचं ते घरमालकाच्या मर्जीवर.
दुसऱ्या बाजूला हे, टोमॅटोखालचं.

मी सांगत गेले.
की विहीर आपली, पण गाळही आपणच उपसायचा.
की नोव्हेंबरात आपल्या शेजारच्या नंबरावरून
कुणीतरी जगभर कचरा पाठवला
आणि काळ्या यादीत आपणही गेलो;
हॅलिफॅक्सच्या सोनाराला धाडलेलं कोटेशन
नऊ दिवस त्याच्या स्पॅममध्ये कुजलं,
त्यानं काटा लीड्सला दिला.
की मी सांगलीला होते, बाबांच्या बायपासला,
आयसीयूबाहेरच्या जिन्यात बसून, मोबाईलवर
तुमच्या सर्व्हरचं संपलेलं सर्टिफिकेट नवं करत होते.
हे शेवटचं बोलले नाही.

क्लिफर्ड एका पितळी वजनाला फडकं मारत होते.
जिल, त्यांची लेक, म्हणाली,
"बिघडलं तर फोन कुणाला करायचा?"
आत्ता मला. नंतर एका नंबरला;
तो तुम्हाला आणखी एक नंबर देईल, तक्रारीचा,
तोवर सनई वाजवत ठेवील.

"पन्नास वर्षं काटे उघडतोय, लव्ह,"
क्लिफर्ड वजनाकडे बघतच म्हणाले.
"पारड्याखाली शिसं चिकटवणारे दोनच भेटले.
बाकी सगळीकडे काटा बरोबर असतो,
अंगठा असतो पारड्यावर.
तुझा कुठल्यावर आहे?"

बाहेर बस चढणीला गिअर बदलत कण्हत होती.
खोटं बोलता आलं असतं,
पण चारी भिंतींवरून काटे बघत होते.

दोन्हींवर, मी म्हटलं.
हे असंच चाललं तर महिन्याला साठ पौंड मला.
भाड्याच्या पेटीत गेलात तर पेटीमागे थोडं कमिशन,
साठाच्या जवळपासही नाही,
पण त्यात रात्रीची झोप घातली
तर कुठलं जड, ते मलाच कळत नाही.

हसले नाहीत. वजन मखमलीच्या खळग्यात
दोनशे ग्रॅमच्या शेजारी बसवलं.
"झोपेला वजन असतं," म्हणाले. "ते आधी सांगायचं."

सही जिलनं केली. एक एप्रिलपासून.
बारा वर्षांच्या जुन्या पत्रांचं काय, मी विचारलं.
एक प्रत इथे तिजोरीत राहू दे, म्हणाली,
घरमालकाचा काय भरवसा.

मग क्लिफर्डनी ट्रेवरचा कागद उचलून दाखवला.
मातीतून दोन फिकट माना, वाकलेल्या,
एकीच्या डोक्यावर अजून बीचं टरफल.
"यांना चार पानं फुटेपर्यंत
बंद करू नकोस."

मी एप्रिल खोडलं,
मे लिहिलं,
आणि त्या महिन्याचे साठ लावले नाहीत.