कुलर बंद करून

मे महिन्यात, मानेवाड्यात, रात्री अकराला
कुलर बंद करणं म्हणजे काय,
हे नागपूरबाहेर कुणाला सांगू नये.

पाच वर्षांतली आमची निम्मी भांडणं
त्या घरघरीवरून ओरडूनच झाली.
मी म्हणायचे, "दमले रे,"
त्याला ऐकू यायचं, "दम आहे का रे?"
मग काय, होताच दम. दोघांतही.

या वेळचं वेगळं होतं.
सुगतनं बहिणीला चाळीस हजार दिले
आणि मला ते पासबुकानं सांगितलं.
तीन दिवस मी बोलले नाही.
कोराडीच्या शिफ्टला जाताना डबा दिला, भाजी दिली,
लिंबाची फोड नाही दिली.
त्यानं ओळखलं. तेवढं ओळखतो तो.

तिसऱ्या रात्री उठला,
बटण दाबलं.
पातं गरगरत, रेंगाळत थांबलं.
टाकीत टपटप. शेजारच्या मेश्रामांचा कुलर
भिंतीपलीकडून मजेत.
"काहून बोलून नाही राहिली तू?"

माझ्याकडे वाक्य तयार होतं, तीन दिवस घासलेलं:
तू नेहमीच असा.
ते ओठांपर्यंत आलं.
मी पाणी प्यायले.
म्हटलं, "मी भ्यायले रे.
बाबांनी असंच न सांगता कुणाला जामीन राहून
घरातला फ्रिज घालवला होता.
मी नववीत. हातगाडीवरून जाताना
त्याचं दार उघडं राहिलं होतं,
आत एक वांगं होतं."

त्याचं तोंड उघडलं. मिटलं.
एरवी इथे "पण" येतो.
नाकाच्या शेंड्यावरून घाम
चादरीवर पडला, त्यानं पुसला नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"म्हणजे पैशाचं नाही, न सांगण्याचं."
"पैशाचंही आहे," मी म्हटलं.
"हो. पैशाचंही."

मग त्याच्या बहिणीचं. तिचं ऑपरेशन,
"वहिनीला सांगू नको" म्हणणं,
आणि याचं दोन्हीकडून लाजणं.
मधेच मला हसू आलं, त्या वांग्याचं.
त्यालाही, पण जरा उशिरा, परवानगी मागितल्यासारखं.

सुटलं का सगळं? नाही.
परवाच गॅसच्या नंबरावरून पुन्हा
आवाज चढले, दार आपटलं,
त्या "पण"नं घरात चांगली मांडी घातली.
पण मधूनच एकजण उठतो आता
बटणाकडे. कधी तो. कधी मी,
चडफडत.

त्या रात्री एक वाजता उकाडा असह्य झाला
तेव्हा त्यानं आधी फक्त पंप लावला.
खस भिजू दिली नीट, वरपासून खालपर्यंत.
मग पंखा.
नाहीतर गरम झळच येते तोंडावर.
कुलरचं हे त्याला
पहिल्यापासून येत होतं.