सतरावा सांधा

आचऱ्याच्या खाडीवरचा मांगर
आम्ही उतरवत होतो, आढ्यापासून खाली.
प्रत्येक वाशावर खडूने आकडा,
पुन्हा उभा राहायचाय तो, कुणाच्या तरी हॉटेलात.

खिळा एकही नाही.
फणसाच्या तुळईत किंजळीचा कुसू,
खुंटी ठोकून काढली
की सांधा हात सोडतो.

सतरावा सोडेना.
सोडला तेव्हा आतून पडली बोटभर पाचर,
उंडीची, होडीच्या कामातून उरलेली.
भोक मोठं पडलं असणार.
कुणीतरी गुपचूप भरून काढलं,
आणि साठ पावसाळे
वरचं छप्पर काही बोललं नाही.

तातू मेस्त्रीने पाचर नाकाशी नेली.
"बापाशीची चूक," म्हणाला,
"माका कदी सांगलान नाय."

मला वाटलं, खिशात टाकेल.

त्याने माझ्या हातातला खडू घेतला
आणि तिच्यावरही घातला आकडा,
सतरा.