बैसा

इथे पैशाला बैसा म्हणतात.
हजार बैसा, एक रियाल.
पहिल्या महिन्यात मला हसू यायचं.
आमच्याकडे जुनी माणसं पाहुण्याला म्हणायची, या, बैसा.
आता सतरा वर्षं झाली,
लोक जिथे टेकतात त्या जागेचे बैसा मोजतोय.

दर सोपा आहे.
गाडी वादी कबीरचा चढ चढत असतानाच
नव्या पोराकडून, दिलमानकडून, पाठ करून घेतो:
साधं कापड, सीटला दोन रियाल.
मखमल असेल तर तीन, पण आधी मागच्या बाजूला
ओलं बोट लावून बघ, रंग सुटतो का.
मजलिस जमिनीवरची असेल तर मीटरवर.
उशा मोजायच्या नाहीत.
उशा मोजणाऱ्याला लोक पुन्हा बोलावत नाहीत.
लिफ्ट नसेल तर मजल्यामागे पाचशे बैसा,
ते मशीनचे म्हणून सांगायचे, पाठीचे म्हणून नाही.
आणि काळं पाणी ओतून टाकू नकोस.
आधी बादली दाखव, मग पावती फाड.

डागांचा हिशेब निराळा.
काहवा एक रियाल. मेंदी तीन, तीही बिनहमीची.
विमटो चार.
जाईल, असं कधी म्हणायचं नाही.
फिकट होईल म्हणायचं.

माझी आई दाभोळच्या बंदरावर सुकट विकायची.
गिऱ्हाईकाच्या पायांकडे बघून भाव सांगायची.
चेहरा काय, तो घासाघीस करायला आलेला असतो, म्हणायची,
पाय घरून आलेले असतात.
इथे तर लोक चपला दारातच काढून ठेवतात.
तिला किती सोपं गेलं असतं.

अल खौदच्या त्या दारात
सोनेरी पट्ट्यांच्या सँडल होत्या, एक जोड,
टाच टेकली की दिवा लागतो तसले पोराचे बूट,
आणि जरा बाजूला, भिंतीला लागून,
तारेने सांधलेली रबरी स्लीपर.

सात सीटचा सोफा, सायीच्या रंगाचा.
तिसऱ्या सीटवर विमटो,
हातभर, जांभळा, कडेने वाळत चाललेला.
बाई हिंदीत म्हणाल्या,
हवामान सांगावं तसं,
डागाचे पैसे वेगळे लिहा,
ते हिच्या पगारातून कापायचेत.

ही म्हणजे चंपिका.
आमच्यासाठी पाणी घेऊन उभी होती.
माझ्याकडे बघत नव्हती,
माझ्या पावतीबुकाकडे बघत होती.

मी वाकलो. डागावर बोट फिरवलं.
नाकाशी नेलं, उगाचच.
सतरा वर्षांत मी इतका वेळ कुठल्या डागाकडे बघितलं नसेल.
मग म्हणालो, हा सीटच्या पैशातच निघतो, मॅडम.
सात सीट, चौदा रियाल.
डागाच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

बाई क्षणभर थांबल्या.
मग म्हणाल्या,
इतका सोपा असेल तर बारा करा.

(आई असती तर तिथेच कपाळावर हात मारला असता.
एकदा खाली आलेला भाव
तिथे थांबत नाही, पुढच्या पायरीकडे बघतो.)

तेरावर तुटलं.
दिलमान त्या एका सीटवर पाऊण तास गुडघे टेकून होता.
ब्रश, फेस, मशीन, पुन्हा ब्रश.
डाग गेला नाही. फिकट झाला.
मी उशी उलटी ठेवली.

निघताना बघतो तर
माझ्या चपला रस्त्याकडे तोंड करून
जोडीने ठेवलेल्या.
दिलमानच्याही.
आम्ही तर त्या घाईत कशाही काढल्या होत्या.

रात्री कुंजुमोन हिशेबाला बसेल,
विचारेल, परकार, एक रियाल कुठे गेला?
त्याला फक्त एकच दिसेल, ते बरंय.
माझ्याकडून घे म्हणेन. घेईल. व्यवहारी माणूस आहे.

गाडीत दिलमान बराच वेळ गप्प होता.
सीबचा पूल मागे पडल्यावर म्हणाला,
परकारभाई, विमटो किती?

चार, मी म्हटलं.
चारच. विसरू नकोस.