डबऱ्याचा शो

ग्वाल्हेरहून चाळीसेक किलोमीटर, डबरा.
नावावर मी आणि विदुला वाटभर हसलो:
खड्ड्यात चाललोय, रीतसर तिकीट काढून.

मंडीच्या मैदानात स्टेज, मागे उसाच्या ट्रॉल्या.
खुर्च्या तीनशे, माणसं सत्तर,
त्यातली निम्मी शेकोटीपाशी.
'सातवा खांब'चे चौघे आले.
बासवाल्याच्या डोक्याला माकडटोपी.

कॅसेटवर हे लोक केवढे उंच होते!

दुसऱ्या गाण्यात वीज गेली.
ड्रमर थांबलाच नाही.
अंधारात नुसती ती धडधड,
आणि मंडीतला मोकाट सांड हंबरला
थेट समेवर.

जनरेटर लागला, सुटलेलं गाणं त्यांनी उचललं.
शेवटच्या कडव्यातला तो वरचा सूर
गायकाला आता झेपेना.
माइक त्यानं आमच्याकडे वळवला.
मी लावला. फाटका, पण लावला.
तेवीस वर्षं न्हाणीघरात दुसरं काय केलं होतं?

नंतर मफलर गुंडाळत तो माझ्याचपाशी आला.
साठवलेलं सगळं घशाशी.
"इथं चहा कुठं मिळेल?"
मी हात लांब केला:
तिकडे, वजनकाट्याच्या पलीकडे.

विदुला अजून चिडवते.
मला वाटतं, बरा होता का चहा,
तेवढं तरी विचारायला हवं होतं.