दिवा दिसला की

मुहर्रकच्या दवाखान्यात, तिसऱ्या खोलीत,
अंधार करायची माझी नोकरी.
पडदा ओढते, एक डोळा झाकते,
हनुवटी टेकवायला लावते पांढऱ्या वाडग्याच्या तोंडाशी
आणि हातात बटण देते.
मधल्या ठिपक्यावरून नजर हलवू नका.
कडेला कुठेही दिवा दिसला की दाबा.

क्वेकू अंपोन्सा, वय चव्वेचाळीस,
मॉलच्या चार नंबर दारावर पहारेकरी,
गाव कुमासीच्या अलीकडे कुठेतरी.
रात्रपाळी करून आलाय, तरी इस्त्री मोडलेली नाही.
बटण वाजतं. वाजतं.
मग वाजत नाही.
वाडग्यात वरच्या अंगाला दिवे लागतात, विझतात,
मला दिसतात एकेक,
आणि खोलीत नुसता एसीचा आवाज.
सहा मिनिटांनी तो म्हणतो,
सिस्टर, तुमचं मशीन मध्येच बंद पडलं होतं.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
कागदावर नाकाच्या बाजूने वर काळं चढलेलं,
चुलीमागच्या भिंतीवर चढतं तसं.

बाहेर बाकावर याकूब फरज, पांढरा थोब, हातात तसबीह.
आजा मोती काढायचा, सांगतात.
नाकाला चिमटा, पायाला दगड,
आणि जीव वरच्या माणसाच्या हातातल्या दोरीला.
त्या आज्याच्याही बापाला
आफ्रिकेच्या कुठल्याशा किनाऱ्यावरून आणलं होतं.
आणलं म्हणजे कसं, ते सांगत नाहीत.
मी विचारत नाही.
त्यांच्या फाईलमधला नसेचा फोटो
क्वेकूच्या फोटोशेजारी ठेवला
तर कुणाचा कुठला, मला नाव वाचावं लागतं.

यांच्यात फार, डॉक्टर म्हणतात.
त्याच्या मुलखात तर चाळिशी उलटली की बारा-तेरांत एक.
लवकर येतो, दुखत नाही,
कळेपर्यंत अर्धं घर नेलेलं असतं.

माझ्या भाषेत दोन बिंदू आहेत.
मोतीबिंदू आईचा रत्नागिरीला काढला,
पंधरवड्यात तांदूळ निवडायला बसली,
वर मलाच म्हणाली, केवढी काळवंडलीस गं.
मोती काढता येतो.
काचबिंदूतली काच निघत नाही,
नुसती जपायची, आणखी फुटू नये म्हणून.
हे इंग्रजीत कसं सांगतात ठाऊक नाही,
म्हणून थेंबांची बाटली दाखवली.
रोज रात्री. डाव्यात एक, उजव्यात एक.
कधीपर्यंत?
कायम.

किती दिनार, तो विचारतो.
मग, कंपनीला कळतं का.
मग जरा वेळाने, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत,
माझा थोरला भाऊ चौकटीला कपाळ आपटायचा.
लोक म्हणायचे दारू. आम्हीही म्हणायचो.
तो थेंब घेत नव्हता.

भावंडांना तपासून घ्यायला सांगा,
मी माझं पाठ वाक्य म्हणते.
तो बोटं मोजतो. आम्ही सात.
बारांत एक, तर आमच्या घरचा वाटा
भावाने उचलला होता ना?
हसतो.
मग मी हसत नाही हे बघतो.

दोन महिन्यांनी, शुक्रवारी, चार नंबर दार.
फ्रिज आठजणांचा आहे, तो सांगतो,
बाटलीवर नाव लिहिलंय, मासळीच्या डब्यामागे ठेवतो.
आणि तिसरी बहीण, अकोसुआ, सापडली.
सापडली म्हणाला. जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तसं.

एवढ्यात एका पोराच्या हातून फुगा सुटला.
पोर रडतंय, आई वर बोट दाखवतेय,
आणि क्वेकू शोधतोय, समोर, खांबाशी, कुठे कुठे,
मग टोपी काढून अख्खी मान मागे टाकतो
छताच्या काचेला फुगा लागेपर्यंत.
दिसला, म्हणतो माझ्याकडे न बघता,
आणि रिकाम्या मुठीवर
अंगठा दाबतो.